मशीनच्या आडवा

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. फ्रिजवाल्याने वाचलं तर आमचा फ्रिज दुरुस्त करायला तो जन्मात यायचा नाही. पण अख्ख्या बाजाराने तमाशा पाहिला, मग मी एकट्यानेच तोंड शिवून का बसू?

फ्रिजवाल्याचा धंदा फ्रिज दुरुस्तीचा, पण जीव मेटल डिटेक्टरमध्ये. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी कानाला हेडफोन लावून तो किनाऱ्यावर फिरायचा. नाणी, किल्ल्या, कधी एखादं पैंजण. मग पालिकेने मशीन आणलं. ट्रॅक्टरला जोडलेलं, वाळू उचलून चाळणारं आणि कचरा मागच्या पेटीत टाकणारं. त्यानंतर चार महिन्यांत याला मिळालं काय? एक बिजागरी. तीही गंजलेली.

"मशीन कसलं, दरोडेखोर आहे तो!" तो म्हणायचा.

अशात एके दिवशी सकाळी साडेपाचला त्याचा शाळेपासूनचा दोस्त, शिंपी, दारात उभा. चेहरा पांढराफटक.

"अंगठी गेली रे! काल किनाऱ्यावर जरा आडवा झालो, तिथेच. ढिली होतीच."

"शिंपी ना तू? स्वतःच्या बोटाचं माप चुकलं?"

"नंतर हस. होणाऱ्या सासऱ्यांनी स्वतः घातलेली आहे. बारा वाजता जेवायला येतायत. बोट मोकळं दिसलं तर लग्न मोडून जातील, इतका तिरसट माणूस."

किनाऱ्यावर शिंप्याने जागा दाखवली, फ्रिजवाल्याने काठ्या रोवल्या, दोऱ्या बांधल्या. प्रत्येक पट्टा दोनदा तपासायचा, एकदा उभा, एकदा आडवा, ही त्याची पद्धत. दुसरा पट्टा संपतोय तोच ट्रॅक्टर धडधडत आला.

"बाजूला व्हा काका!" ड्रायव्हर ओरडला.

"काका कुणाला म्हणतोस? हटणार नाही!"

"सातच्या आत किनारा साफ पाहिजे. मुकादमांची ऑर्डर आहे."

"मुकादमांना सांग, मी आडवा उभा आहे!"

ड्रायव्हरने समजूतदारपणे ट्रॅक्टर डावीकडे वळवला. फ्रिजवाला डावीकडे धावला. ट्रॅक्टर उजवीकडे, हाही उजवीकडे. दोन्ही हात पसरून अडवता यावं म्हणून त्याने डिटेक्टर वाळूवर ठेवला आणि तिथेच घात झाला. गळ्यातल्या हेडफोनची वायर तटकन निसटली. काठ्या, दोऱ्या, डिटेक्टर, सगळं मशीनने एका घासात गिळलं.

मग पेटीतून आवाज सुरू झाला. टीं! टीं! टींटींटीं!

"पेटी इथेच उलटी कर!"

"इथे? आत्ताच तर साफ केलंय! डेपोतच रिकामी करायची, नियम आहे."

"मग मीही डेपोत येतो!" म्हणत हा पठ्ठ्या पेटीवर चढून बसला.

ड्रायव्हरने हात जोडले, डोळे वटारले. हा ढिम्म. शेवटी वरात निघाली, भर बाजारातून. पुढे ट्रॅक्टर, मागे पेटीवर मांडी घालून फ्रिजवाला, खाली बोंबलणारा डिटेक्टर. "फ्रिजवाल्याला पालिकेने उचललं!" ही बातमी ट्रॅक्टर डेपोत पोचायच्या आधी त्याच्या आईपर्यंत पोचली.

डेपोत त्याने तीन तास ढीग उपसला. बाटल्यांची झाकणं, चमचे, कुणाचा तरी चष्मा, वाकडा झालेला डिटेक्टर. अंगठी मात्र नाही.

अकराला तो परतला. कोपरापर्यंत घाण, मान खाली. लग्न मोडलं तर आपल्यामुळे, हेच डोक्यात. शिंपी साफ केलेल्या वाळूत बसला होता. बोटात अंगठी.

"कुठे मिळाली?"

"तू गेलास आणि लगेच! मशीनने वाळू उकरली, अंगठी बारीक, चाळणीतून खाली पडली. वरच चमकत होती, येणाऱ्याजाणाऱ्यानेही सहज उचलली असती. तुला किती हाका मारल्या रे, पण त्या टींटींमध्ये..."

फ्रिजवाला धपकन त्याच्या शेजारी वाळूत बसला.

"वचन दे," शिंपी म्हणाला, "पुन्हा त्या मशीनच्या आडवा जाणार नाहीस."

"दिलं. आडवा नाही जाणार. उद्यापासून त्याच्या मागे मागे फिरेन, रोज." मग वाकडा डिटेक्टर खांद्यावर टाकत तो म्हणाला, "पण त्याला थँक्यू म्हणणार नाही. मेलो तरी नाही. हेही वचनच समज!"