सत्तेचाळीस नंबरचे बूट

"बाबा, रेडिओ लावून बसा! तुमच्या आलोइसचं नाव देशाच्या फुटबॉल संघात वाचणार आहेत!" आलोइस निघताना म्हणाला.

खाणीतल्या धुळीने बाबांची छाती अशी भरली होती की नुसतं 'हो' म्हणायलाही दम लागे. ते म्हणाले, "लवकर... वाचायला सांग."

घाई देशालाही होतीच. चिमुकल्या सारलँडच्या लोकांनी आपला देश जर्मनीत विलीन करायचं ठरवलं होतं. हॉलंडमधला हा सामना झाला की संघ बंद! आजवर तो बहुतेक हरतच आला होता. त्यात आलोइसला आत्ता कुठे पहिल्यांदा घेतलं होतं.

पण सरहद्द रिकाम्या हाताने ओलांडणं सारलँडच्या माणसाला जमत नाही. वाटेत जर्मनीतल्या कोलोन स्टेशनवर मावशी भेटणार होती आणि तिकडे कॉफी महाग. आलोइसच्या अवाढव्य पायाला सत्तेचाळीस नंबर लागे. त्याने घरातला कॉफीच्या बियांचा डबा खेळायच्या बुटांत रिता केला आणि वर मोजे कोंबले.

सरहद्दीवर कस्टमवाल्याने बूट हलवले.

"हे वाजतायत कशाने?"

"खिळे सैल झालेत, साहेब."

त्याने नाक लावलं. "खिळ्यांना वास झकास आहे हो!"

बूट मुद्देमाल म्हणून जप्त झाले.

"गाढवा!" प्रशिक्षक ओरडले. "देशासाठी खेळायला निघालास की किराणा पोचवायला?"

गाडीतल्या सगळ्यांचे बूट घालून पाहिले. कुठल्याच बुटात अर्ध्याच्या वर पाय जाईना.

"अर्ध्याच पायाने खेळतो, साहेब!" आलोइस रडकुंडीला आला.

"तसे खेळणारे दहाजण आहेत माझ्याकडे!"

सामना हरले. आलोइसने तो बाकावर बसून पाहिला. देश संपला, आणि बाबांना दिलेला शब्दही गेला.

घरी आई दारातच उभी होती.

"आई, बाबांना काय सांगू गं?"

"काही सांगायचं राहिलं नाही रे." तिने त्याचा हात धरला. "रेडिओवाला म्हणाला, 'आलोइस क्लाउक...' तेवढं ऐकून हसले आणि गेले. बुटांचं पुढचं मी एकटीनेच ऐकलं."

आलोइस उंबऱ्यावरच बसला आणि हमसून हमसून रडला. बाबा हसत गेले, याचं त्याला बरंही वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

जिन्यावर पावलं वाजू लागली. आईने डोळे पुसले.

"ऊठ आता, खाणीतली माणसं आली. त्या डब्यातली कॉफी टाक सगळ्यांना."