वीणा खाली ठेवायची नाही

उतारवयात माणसाने दोन पथ्ये पाळावीत: नाम घ्यावे आणि सभेत सूचना करू नये. पहिले पथ्य मी चाळीस वर्षे पाळत आलो आहे. दुसरे एप्रिल महिन्यातल्या एका रविवारी मोडले, आणि त्याचे प्रायश्चित्त मला भर देवळात, शे-दीडशे माणसांसमोर, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत घ्यावे लागले.

आमची अक्षदा तेहेतीस वर्षांची आहे. तिला बोलता येत नाही आणि जगाच्या पुष्कळ गोष्टी तिला उलगडत नाहीत. (मलाही नाहीत, पण मला बोलता येत असल्यामुळे ते झाकून जाते.) काळाचौकीत एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत विशेष मुलांची शाळा आहे. तिथे मोठ्यांसाठी एक कामाचा वर्ग चालतो. त्यात ती सकाळी दहापासून चारपर्यंत कापसाच्या वाती वळते. आमच्या विठ्ठलापुढच्या समईत जळते ती वात माझ्या मुलीच्या बोटांतली, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. तिला मात्र हे कधी सांगितल्याचे आठवत नाही.

आता ती चाळ पाडली जाणार होती. भोईवाड्यात दुसरी जागा मिळत होती, पण तिच्या मालकाला मे महिन्याच्या अखेरीपर्यंत अनामत रक्कम हवी होती. ती जमली नाही तर शाळा बंद. शाळा बंद म्हणजे काय, हे आमच्या घराने टाळेबंदीत पाहिले आहे. ती दोन वर्षे अक्षदा खिडकीशी बसून होती. कापूस घरी आणून दिला, तर तिने तो परत माझ्या हातात ठेवला. कापूस शाळेतला असतो, घरातला नव्हे. मग तिची बोटे नुसत्या हवेतच वाती वळत राहिली. हळूहळू तीही थांबली. त्या बोटांचे थांबणे मी विसरू शकलेलो नाही.

तर पालकसभेत मुख्याध्यापिका दीपिकाबाईंनी निधीसाठी आमच्या विठ्ठलाच्या देवळात ऑर्केस्ट्रा ठेवण्याची कल्पना मांडली. मी उठलो.

"देवळाच्या आवारात ऑर्केस्ट्रा?" मी म्हणालो. "त्यापेक्षा एक दिवसाचा नामाचा पहारा ठेवा. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गळ्यातली वीणा अखंड वाजती राहील. एकेका देणगीदाराने आपापला वेळ घ्यावा, वीणा धरावी, आणि शाळेला यथाशक्ती द्यावे."

सर्वांना पटले. इथेच मी बसायला हवे होते. परंतु गिरणी बंद पडल्यावर मी भोईवाडा कोर्टातल्या एका वकिलांकडे अठ्ठावीस वर्षे कारकुनी केली आहे, त्यामुळे अटींवाचून कोणताही कागद मला उघडा वाटतो. मी तिथल्या तिथे नियम लिहून काढले. वीणा भुईला टेकू नये. वीणेकऱ्याने नामाखेरीज एकही अक्षर उच्चारू नये. ज्याच्या पोटात सकाळपासून पाणी-औषधाखेरीज काही गेलेले नाही आणि ज्याचे नाव देणगीच्या कागदावर आहे, त्यानेच वीणा घ्यावी. यातले काही मोडल्यास पहारा खंडित झाला असे समजावे आणि देणगीदार आपल्या शब्दातून मोकळा. (हे शेवटचे कलम मी का घातले, असे शांता, म्हणजे माझी पत्नी, अजून विचारते. घातल्यावाचून कागद पुरा झाल्यासारखा वाटेना, एवढेच खरे उत्तर आहे.)

सभा उठल्यावर दीपिकाबाई हळूच म्हणाल्या, "बुवा, एक पहारा आपल्या मुलांचा ठेवू या का? मोठ्या मुलांचा. अक्षदा धरेल."

"बाई, वीणा जड असते," मी म्हणालो.

वीणा जड नसते. बाईंनी ते ओळखले. आमच्या घरची देणगी शांताने अक्षदाच्या नावावर मांडली होती. त्या नावापुढच्या वेळेच्या रकान्यात मी माझ्या हाताने आडवी रेघ ओढली.

पहाऱ्याचा दिवस मे महिन्यातला. माझी पाळी नऊ ते दहा. दहा ते बारा हितेंद्रशेठ. लालबागला त्यांची मसाल्याची गिरणी आहे, आणि अनामतीतला निम्मा भाग एकट्या त्यांनी कबूल केला होता. मी स्नान करून, देवाला तुळस वाहून, रक्तदाबाची गोळी घेऊन वीणा गळ्यात घातली. अंगातले पाणी बाहेर काढणाऱ्या या गोळीला आमच्याकडे 'पाण्याची गोळी' म्हणतात. पुढील कथा त्या पाण्याची आहे.

दहा वाजले. हितेंद्रशेठ आले नाहीत. सव्वादहाला दीपिकाबाईंनी फोन लावला.

"बुवा, शेठ म्हणतात गिरणीचा पट्टा तुटलाय," त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या. "मसाल्याचा सीझन आहे, चाळीस बायका मिरच्यांचे डबे घेऊन रांगेत उभ्या आहेत. सोडून निघालो तर मारतील म्हणतात. अर्ध्या तासात येतो म्हणाले."

मी मान डोलावली. दुसरे काही करता येत नव्हते. डाव्या हातात वीणेचा दांडा, उजव्याचे बोट तारेवर आणि जिभेवर माझेच कलम.

साडेदहाला गोळीने आपले कर्तव्य सुरू केले.

मी टाळकऱ्यांकडे पाहिले. दोघेच होते. तात्यांचे गुडघे गेलेले, ते खुर्चीत बसून टाळ धरतात. दुसरे अप्पा, मूळचे मालवणचे, माझ्याइतकेच म्हातारे पण धडधाकट. मी त्यांच्याकडे आशेने पाहून भुवयांनी वीणा दाखवली.

"माका नको दाखवू हां बुवा," अप्पा टाळ न थांबवता म्हणाले. "मी सकाळीच वडो खाल्लंय. नियम तुझोच."

नाम घेण्याची मला मुभा होती. म्हणून मी 'रामकृष्णहरी' हेच शब्द नाना स्वरांत म्हणून पाहिले: आधी सूचक, मग विनवणीचे, शेवटी अगदी काकुळतीचे. प्रत्येक स्वरागणिक मंडपातली माणसे अधिकाधिक हेलावत गेली. एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

शांता प्रसादाच्या खोलीतून बाहेर आली. तिने माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. एक्केचाळीस वर्षांचा संसार आहे आमचा; मला वाटले, सुटलो.

"पाय दुखतायत का हो?"

मी मान हलवली.

"मग घेरी येतेय. तरी मी म्हणत होते, उपाशीपोटी उभे राहू नका. थांबा."

ती गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. मी तोंड फिरवले.

"अहो, तीर्थ आहे. विठ्ठलाच्या पायावरचं आहे. त्याला नाही म्हणायचं नसतं."

तीर्थाला नाही म्हणता येत नाही. आजवर मी शेकडो लोकांना हे सुनावले आहे. तिने तो तांब्या घोटाघोटाने माझ्या तोंडात रिकामा केला. (तीर्थ पळीभर असते, असे सांगणे नामाच्या कक्षेत बसत नव्हते.)

अकरा वाजता मी एका पायावरून दुसऱ्या पायावर जाऊ लागलो. हे मी हौसेने केले नाही. पण कोणीतरी म्हणाले, "बघा बघा, बुवा नाचायला लागले," आणि मंडप उठून उभा राहिला. मोबाइल वर झाले. शाळेतली मुले माझ्यासमोर रांगेने येऊन माझ्यासारखीच पावले टाकू लागली. लोक पुढे होऊन माझ्या पायांना हात लावू लागले, आणि त्या अवस्थेत पायांना झालेला प्रत्येक स्पर्श मला कुठे जाणवत होता ते लिहिण्यासारखे नाही. दीपिकाबाईंनी माइक हाती घेतला.

"बुवांना देहाचं भान राहिलेलं नाही," त्या गहिवरून म्हणाल्या.

चौऱ्याहत्तर वर्षांत देहाचे इतके भान मला कधीच नव्हते. समोर दानाचे ताट भरत होते. मी थांबलो तर हे सारे व्यर्थ जाणार होते. मी वीणा घेऊन मंडपाबाहेर पडलो तर ती शौचालयात न्यावी लागणार होती. आणि काहीच केले नाही, तर पांडुरंगासमोर जे होणार होते त्यानंतर मला काळाचौकी सोडावी लागली असती. त्या क्षणी मला मरण गोड वाटले. (मृत्यूविषयी मी अनेकदा निरूपण केले आहे, त्यात हे कारण कधी आले नव्हते.)

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत अक्षदा आली.

तिच्या कमरेला एक कडी असते आणि कडीत लहान लहान चित्रांची कार्डे. शाळेने तिला ती भाषा दिली आहे. पाणी हवे तर पेल्याचे चित्र, दुखत असेल तर रडक्या चेहऱ्याचे. शांता ती सगळी ओळखते. मी गेल्या अकरा वर्षांत ती शिकलो नाही. ज्याला अंतरीची खूण कळते त्याला चित्रे कशाला, असे मी म्हणायचो, आणि ती कार्ड पुढे करी तेव्हा शांताला हाक मारायचो.

अक्षदाने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. तिने माझ्या पायांकडे पाहिले. मग शांतपणे एकामागून एक कार्डे उलटली आणि एक माझ्या डोळ्यांपुढे धरले. त्यावर पांढऱ्या कमोडचे चित्र होते.

इतक्या जोराने मी आयुष्यात कशालाही होकार दिलेला नाही.

तिने कार्ड जागेवर ठेवले आणि दोन्ही हात पुढे केले. वीणेसाठी.

ती पाडेल ही भीती होती, हे कबूल करतो. पण माझ्या डोक्यातला कारकून तोवर जागा झाला होता. कागदावर हिचे नाव आहे. मी जेवल्याशिवाय ती घास घेत नाही, म्हणजे पोटात काही नाही. आणि वीणेकऱ्याने नामाखेरीज अक्षर उच्चारू नये, एवढेच मी लिहिले होते. ही तर कोणतेच अक्षर उच्चारत नाही. माझ्या अटींना पुरेपूर उतरणारे त्या मंडपात एकच माणूस होते, आणि त्याच्याच नावापुढे मी रेघ ओढली होती.

मी वीणा तिच्या गळ्यात घातली. आता वीणा देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकमेकांच्या पाया पडायचे असते. वय, नाते काही पाहायचे नसते. ती वाकली. हे तिने देवळात अनेकदा पाहिलेले होते. मग मीही वाकलो. त्या अवस्थेत वाकणे हे केवढे धाडस होते ते माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. तिच्या पायांवर डोके ठेवले तेव्हा डोळ्यांत पाणी आले. सगळीकडचेच पाणी त्या वेळी निघायला बघत होते, म्हणून मी त्या अश्रूंचे फार कौतुक करणार नाही.

मी धावलो. माझ्या वयात तिथे जाऊन लगेच परत येता येत नाही. दहा मिनिटांनी हातपाय धुऊन परतलो, तेव्हा माझ्यापुढे हितेंद्रशेठ धापा टाकत मंडपात शिरत होते. केसांपासून पावलांपर्यंत ते लाल होते. पट्टा बसवून, अंगावरची मिरची न झटकता ते तसेच आले होते. पंखा त्यांच्या पाठीशी होता.

पहिली शिंक तात्यांना आली. मग अप्पांना. मग पुढच्या रांगा एकदमच गेल्या. टाळ खाली आले, नाम थांबले, माइकसुद्धा दीपिकाबाईंच्या शिंकेने दणाणला. माणसे डोळे चोळत बाहेर पळू लागली. आणि त्या सगळ्या कल्लोळात एकच आवाज, एका लयीत, चालू होता.

अक्षदाच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होते. तीही शिंकत होती. पण तारेवरचे बोट थांबत नव्हते. वात वळताना फिरते तसेच ते फिरत होते, एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. टाळेबंदीत थांबलेले बोट ते हेच.

"बुवा," हितेंद्रशेठ दाराशीच हात जोडून म्हणाले, "माझ्यापायी मोडला का हो पहारा?"

अप्पांनी नाक पुसले. "कागद काढा. कागदात वीणाच लिवली हा. वीणा भुयेक लागली? नाय. चेडू काय बोलला? नाय. मगे मोडलो खयसून?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मोडलो असतो तर तुझ्यानच मोडलो असतो, बुवा. जरा आणखी येळ लागतो तर."

हितेंद्रशेठना वीणा घ्यायची होती. अक्षदाने दिली नाही. बारा वाजेपर्यंत ती त्यांच्या पाळीत उभी राहिली आणि ते मिरचीसकट तिच्या बाजूला हात जोडून उभे राहिले.

अनामत भरली. शाळा भोईवाड्याला गेली. करार अकरा महिन्यांचा आहे. त्यापुढे मालक काय म्हणेल ते विठ्ठलालाही सांगता येणार नाही. दर अकरा महिन्यांनी माझे वय जवळजवळ एका वर्षाने वाढते, हा हिशेब कोणत्याच बाजूने बरा लागत नाही. आमच्यामागे हिच्याकडे कोण बघेल, या प्रश्नाशी मी रोज काकड्याला उठतो आणि शेजारतीला निजतो.

सध्या तरी तीच माझ्याकडे बघते आहे. शाळेत तिला शिकवले आहे की ज्याला सांगता येत नाही त्याला दर दोन तासांनी विचारायचे. त्या दिवसापासून तिने मला त्या यादीत घातले आहे. घरी असली की दर दोन तासांनी, समोर पाहुणे असोत की पुजारी, ती येते आणि ते कार्ड माझ्यापुढे धरते.

परवा एकादशीला भजन रंगात आले असता मी डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून स्तब्ध बसलो होतो. "बुवांची समाधी लागली," कोणीतरी कुजबुजले, आणि टाळ हळू झाले. अक्षदा गर्दीतून पुढे आली. तिने माझ्या पायांकडे पाहिले आणि सर्वांसमक्ष कार्ड धरले.

मी उठलो. तिचेच बरोबर होते.