मुकुंदरावांच्या पडद्यावरचे फोन

आमचे शेजारी मुकुंदराव खांडवे यांना कोणतीही वस्तू दाखवली की ते प्रथम विचारतात, "कोणाच्या हातात?" वस्तूचे गुणदोष ती कोणाच्या हाती जाणार यावर ठरतात, असा त्यांचा सिद्धांत आहे. माझ्या पत्नीने पाठवलेल्या चिवड्याच्या डब्याचे झाकण त्यांनी एका हाताने उघडून पाहिले, "संधिवातवाल्याला नाही जमणार," असा निर्णय दिला आणि मग चिवडा खाल्ला.

सरकारी नोकरीत त्यांनी इमारतींचे नकाशे काढले. निवृत्तीनंतर ते मोबाइलचे अ‍ॅप तयार करायला शिकले. ही विद्या थोडक्यात सांगतो. संगणकाच्या पडद्यावर एका बाजूला कोड लिहायचा. दुसऱ्या बाजूला तेच पान लहान फोनवर, मोठ्या फोनवर, टॅबलेटवर कसे दिसेल याची चित्रे उमटतात. इतरांना दोन-तीन चित्रे पुरतात. मुकुंदराव आमच्या कोटरा सुल्तानाबाद वसाहतीतल्या ओळखीच्या प्रत्येक फोनचे चित्र मांडतात आणि त्यांना मालकांच्या नावाने ओळखतात. "जोशीबुवा ठीक आहेत. कुलकर्णी वहिनी उजवीकडून कापल्या जाताहेत."

आमच्या या हिंदी मुलखातल्या मराठी मंडळासाठी त्यांनी एक अ‍ॅप केले होते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांनी सकाळी 'मी ठीक आहे' हे बटण दाबायचे, की मंडळाला खुशाली कळते. सर्व तयार होते; पण मुकुंदराव ते देईनात.

"भाऊ, अब दे भी दो," सचिव सुलभाताई म्हणाल्या. "लोक रोज मला विचारतात."

"एका फोनवर बटण पडद्याखाली जातंय."

"एका फोनसाठी सगळं मंडळ थांबवलंत?"

"आमच्या अक्काचा आहे."

अक्का म्हणजे दूर मिसरोदला एकट्या राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या भगिनी. फोन जुना, पडदा चिमुकला आणि अक्षरे सर्वांत मोठी केलेली. तपासणीसाठी मुकुंदराव दर रविवारी तिकडे जात.

अखेर चित्रात बटण जागेवर बसले. त्या रविवारी मीही त्यांच्यासोबत गेलो. अक्कांनी चष्मा लावून फोन न्याहाळला.

"छान जमलं रे," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता माझी खुशाली बघायला तुला इतक्या लांब यायला नको."

मुकुंदरावांनी फोन घेतला. दूर धरला, जवळ धरला. मी शेजारीच होतो. मला पडद्यावर कोणताही दोष दिसला नाही.

"मंडळाला आजच देऊन टाकतो," ते सावकाश म्हणाले. "या फोनवर मात्र थोडं काम बाकी आहे. पुढच्या रविवारी बघावं लागेल."

"जुना फोन आहे बाबा," अक्का म्हणाल्या, "लवकर नाही संपायचं ते." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.