कोकरू क्रमांक बारा

लोकर संशोधन केंद्रातली बारा कोकरं शेंगदाण्याची पेंड खाऊन मजेत वाढत होती, ही बाब वरिष्ठांना जुनाट वाटली. म्हणून 'पर्यायी प्रथिने' या नावाने वाळवलेल्या अळ्यांची भुकटी आली. ती खाऊन लोकर किती सुधारते, हे सहा महिन्यांत कळवायचं होतं.

भुकटी चारायचं काम हंगामी मदतनिसाकडे आलं. तो गेली चौदा वर्षं हंगामी होता. हंगाम कोणता, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "प्रयोग यशस्वी झाला, की तुला कायम करून टाकू," असं संचालकसाहेब म्हणाले आणि बिचाऱ्याने ते खरं मानलं.

दुसऱ्याच आठवड्यात एक कोकरू पोटफुगीने गेलं.

"साहेब, बारा नंबरचं मेलं."

"मेलं असेल," साहेब फाइलीतून मान वर न काढता म्हणाले. "पण मंजुरी बाराची आहे."

"मग त्याचा खुराक बाकीच्यांना घालू?"

"मापात घोळ होईल. आणि उरवलास तर 'आहार नापसंत' असा शेरा बसेल, प्रयोग फसेल. मग तुझं काय, ते तूच बघ."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथे अळ्या धरायच्या होत्या, एवढाच फरक. त्या दिवसापासून बारा नंबरचा खुराक मदतनीस डोळे मिटून गिळू लागला. घरी बायको विचारायची, "जेवण का जात नाही हो तुम्हाला?"

"ऑफिसात होतं," तो सांगायचा.

सहाव्या महिन्यात लोकरीचे बारा नमुने मागवले गेले. मदतनीस गुपचूप कातरणाऱ्यापुढे वाकला. प्रयोगशाळेचा अहवाल आला: 'क्रमांक बारा: तंतू लांब, सरळ, चमकदार. या जातीत अभूतपूर्व. किंचित कोंडा आढळला. त्यास आहार जबाबदार नाही.'

लगोलग आदेश निघाला. क्रमांक बारा यास केंद्रात कायम ठेवावे, निवारा, औषधोपचार व विमा द्यावा. प्रयोग संपल्याने हंगामी मदतनिसास कमी करावे.

तो आदेश घेऊन घरी आला आणि उंबऱ्यातच रडत रडत त्याने खुराकापासून केसांपर्यंत सगळं सांगून टाकलं. बायकोने कागद दोनदा वाचला.

"अहो, रडता काय? कायम झालात की!"

"कोकराला केलंय गं."

"मग सहा महिने त्याचं खाल्लं कुणी?"

दुसऱ्या दिवशी तो कानात बारा नंबरचा बिल्ला अडकवून हजर झाला. कारकुनाने बिल्ला तपासला, यादीवर खूण केली आणि मेंढवाड्याचं दार उघडलं. दर सोमवारी डॉक्टर येऊन त्याला विचारू लागले, भूक लागते का, झोप लागते का. चौदा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. त्याला भरून आलं.

परवा केंद्रात कोकरांच्या आणखी वीस जागा निघाल्या. फाटकाबाहेर पदवीधरांची रांग लागली. खायला काय देणार, हे एकानेही विचारलं नाही. जागा कायम आहे ना, एवढंच सगळे विचारत होते.

आणि वाचकहो, अळ्यांचं नाव निघालं तेव्हा तुम्ही नाक मुरडलंत, हे मान्य. पण निवारा, औषधोपचार आणि विमा म्हटल्यावर तुमचेही कान टवकारले होते. आम्ही पाहिलं.