मुरलीभाऊंची शेवटची स्टेज

साडीला राणी रंगाचा फॉल हवा म्हणून तुम्ही मुरलीभाऊंच्या दुकानात गेलात, तर जरा उभं राहायची तयारी ठेवा. भाऊ मान वर करणार नाहीत. हातातल्या जाड मॅटीच्या कापडात सुई खुपसत म्हणतील, "थांबा जी, राक्षसाचा कान राहिला हाय."

कान झाल्याशिवाय फॉल मिळत नाही.

पवनीच्या बाजारओळीत 'निखारे मॅचिंग सेंटर' नावाचं हे दुकान आहे. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर, बटणं आणि दोऱ्याच्या लड्या. वरच्या मजल्यावर घर. घराणं विणकरांचं, भाऊंचे आजोबा मागावर बसत. नातू काउंटरमागे स्टुलावर बसतो आणि क्रॉस स्टिच भरतो. आता पवनीत काय क्रॉस स्टिच भरणारे थोडे आहेत? पण बाकीच्यांच्या कापडावर मोर असतात, पोपट असतात, 'सुस्वागतम' असतं. मुरलीभाऊ भरतात ते जुन्या व्हिडिओ गेममधले देखावे. कॅसेट फुंकून घालायची आणि टीव्हीसमोर मांडी ठोकायची, त्या काळातले. त्यात एक छत्रीवाला बुटका माणूस असतो, मगरी असतात, खड्डे, किल्ला आणि पुलावर उभा असलेला राक्षस. सगळं चौकोनी. माणसाचं नाकसुद्धा चौकोनी.

बदली होऊन मी इथल्या शाळेत आले, तेव्हा पहिली ओळख यांचीच झाली. मी पेपर तपासून, जनगणनेपासून पोषण आहारापर्यंत सगळं उरकून, पाय ओढत घरी निघायचे आणि वाटेत त्यांच्या दुकानात टेकायचे. "कसे आहात भाऊ?" म्हटलं की ते "थकलो, मॅडम," म्हणायचे. लोक 'नमस्कार' म्हणतात ना, त्याच सुरात. मीही "मीसुद्धा," म्हणायचे. मग आम्ही दोघं थोडा वेळ काहीच बोलायचो नाही. अशी सोय गावात दुसरीकडे कुठे नव्हती.

भाऊंच्या मते अख्खी दुनिया बारीक बारीक डब्ब्यांची बनली आहे. डब्बा म्हणजे आलेखाच्या कागदावरचा चौकोन. एक डब्बा, एक फुली. कोणतीही गोष्ट समोर आली की ते एक डोळा मिटून बघतात आणि निकाल देतात, "बसते डब्ब्यात," नाही तर, "नाई बसत." आमचे हेडमास्तर बसतात. चौकातल्या फलकावरचा उमेदवार बसत नाही, कारण गाल फार. एकदा मी बुंदीचा लाडू दिला, तर तो खायचा सोडून म्हणाले, "पाहा, हा गोल दिसते. पण गोल म्हणून काहीच नसते, मॅडम. जवळून पाहा, सारे डब्बेच होत."

मी म्हटलं, "भाऊ, आधी खा."

एवढ्यावर राहिलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. पण माझ्या भाचीचं भंडाऱ्याला लग्न ठरलं आणि तिच्या रुखवतासाठी मी भाऊंना राजहंसांची जोडी भरायला सांगितली. "डब्ब्यात बसतात ना हंस?" मी मुद्दाम विचारलं.

"मान थोडी त्रास देईन. पण बसवतो."

लग्नाच्या गडबडीत त्यांनी बांधून दिलेलं पुडकं मी तसंच नेलं. रुखवत मांडताना, शेवया, कुरड्या आणि करंज्यांच्या डोंगरामध्ये, ते उघडलं. हंस नव्हते. करडा किल्ला होता, तोफेसारखं काहीतरी होतं, आणि दात काढलेला राक्षस. बदलायला वेळ नव्हता. मुलाकडच्या बाया रुखवत बघायला आल्या. एक मावशी बराच वेळ वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काहो, हे धान कापाचं मशीन होय का?"

"नाही वो," दुसरी म्हणाली, "दवाखाना दिसते तो."

नवरामुलगा मात्र ते बघून असा काही खूश झाला, की मांडवात सोयऱ्यांना सोडून त्याचे फोटो काढत बसला. पण माझी जायची ती शोभा गेलीच होती.

परत आल्यावर मी तावातावानं दुकानात गेले. दुपारची वेळ. काउंटरवर कोणी नाही, पंखा चालू, गिऱ्हाईक नाही. वरून बोलण्याचा आवाज येत होता म्हणून जिन्यानं वर गेले.

भाऊंच्या बायकोला, शकूवहिनींना, मी तोवर नीट पाहिलं नव्हतं. साखरेच्या आजारानं डोळे गेलेत आणि त्या खाली उतरत नाहीत, एवढंच ठाऊक होतं. त्या खाटेवर बसल्या होत्या. मांडीवर मॅटीचं कापड ताणून धरलेलं. उजव्या हाताचं बोट त्यावरून सावकाश पुढे सरकत होतं. भाऊ समोर जमिनीवर बसून लसूण सोलत होते.

"हे काय... मगर," वहिनी म्हणाल्या. "मगरीच्या पुढं लगेच खड्डा हाय?"

"हाय. सांभाळ."

"तुम्ही सांगू नका जी मधात! मी बरोबर जातो." बोट थांबलं, थोडं मागे आलं आणि खड्ड्याच्या पलीकडे टेकलं. वहिनी हसल्या. "मारली उडी."

मी जिन्यातच उभी राहिले. हंसांचं भांडण कुठल्या कुठे गेलं.

नंतर भाऊंनीच सांगितलं. गेमचा तो सेट त्यांनी मुलासाठी आणला होता. मुलगा महिनाभरात कंटाळला आणि आईला नाद लागला. घरचं सारं आवरून शकूवहिनी टीव्हीसमोर बसायच्या. गल्लीतली पोट्टी अवघड जागी अडकली की "काकू, एवढा खड्डा पार करून द्या ना" म्हणत यायची. फक्त राक्षसाच्या पुलापलीकडे त्या कधी गेल्या नाहीत. तिथवर पोचायच्या आणि मरायच्या. पुढे सेट बंद पडला, मुलगा नोकरीला नागपूरला गेला आणि मग वहिनींचे डोळे गेले.

"एक दिवस म्हणे, मले सारं इसरल्यावानी होऊन राहिलं. कोणत्या खड्ड्याच्या पुढं कोणती मगर, काहीच आठवत नाही," भाऊ म्हणाले. "मी खेळलो नव्हतो, पण तिच्या मागं बसून पाहिलं होतं. म्हटलं, काढून पाहू."

म्हणून ते दोरा जाड घेतात. पातळ टाका बोटाला दिसत नाही, असं वहिनींचं म्हणणं. म्हणून मागचं आभाळ कोरं सोडतात. पण रंगांसाठी जीव का टाकतात, हे मला कळेना. छत्रीचा लाल रंग मनासारखा मिळाला नाही म्हणून ते एकदा नागपूरला जाऊन आले होते.

"वहिनींना कुठे दिसणार आहे, भाऊ?"

"ती विचारते ना. छत्री लालच हाय का, म्हणते. खोटं कसं सांगू?"

आणि हंसांचं? भाऊंनी कान पकडले. "टाइमच नाई भेटला, मॅडम. स्वयंपाक, तिचं इंजेक्शन, दुकान. म्हटलं, हंस तं साऱ्याइच्याच रुखवतात असतात."

त्या उन्हाळ्यात वहिनींनी नवीनच हट्ट धरला. राक्षसाच्या पुलापर्यंतचं सगळं बोटांनी पाठ झालं होतं. आता त्यांना पुढची, शेवटची स्टेज हवी होती. भाऊंना ती माहीत नव्हती, कारण त्या घरात ती कोणी पाहिलीच नव्हती. ते येईल त्या गिऱ्हाइकाला विचारू लागले, "राक्षसाच्या मांगं काय असन?" अस्तर घ्यायला आलेल्या बाया घाबरून अस्तर न घेताच जायच्या.

मी मोबाइलवर शोधलं. जुन्या खेळांचे व्हिडिओ सगळे असतात, हाही निघाला. मी आनंदानं फोन पुढे केला तर भाऊंनी पडद्यावर हाताचा पंजाच ठेवला.

"नका दाखवू. दुसऱ्याची स्टेज होय ते. तिले सोता पोचाचं हाय."

"पण भाऊ, माहीत नसलेलं काढणार कसं?"

"पाहू. डब्ब्यात बसलं की झालं."

बसत नव्हतं. पावसाळाभर ते कागदावर काढायचे आणि फाडायचे, भरायचे आणि उसवायचे. सोन्याचा महाल काढला. तो बँकेसारखा दिसला. त्यात आता भाऊंच्या स्वतःच्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तर म्हणाले, "आधी स्टेज, मंग डोळा." सुईत दोरा ओवायला मला बसवायचे. त्यांच्या "थकलो, मॅडम"मध्ये आता नमस्काराचा सूर राहिला नव्हता. खरंच थकलेला माणूस बोलायचा. रात्रीची भांडी, सकाळचा डबा, दुकानाचं शटर, आणि मध्ये या फुल्या. मी "राहू द्या आता," म्हटलं की ते ऐकलं न ऐकल्यासारखं करायचे.

दिवाळीच्या सुटीनंतर मी गावाहून परतले, तर दुपारचं शटर अर्धं ओढून ते माझी वाटच बघत होते. "वर चला, मॅडम. एकट्यानं दाखवाची हिंमत नाई होऊन राहिली."

त्यांनी कापड वहिनींच्या मांडीवर पसरलं. मी बघितलं, आणि मला कळेचना. ना किल्ला, ना राक्षस. निळं पाणी, पाण्याला लागून मातीची लांब पाळ, आंब्याचं एक झाड, आणि झाडाखाली तो बुटका माणूस. बपेऱ्याकडचा, वहिनींच्या माहेरचा तलाव होता तो, हे मला नंतर कळलं.

वहिनींचं बोट डावीकडून निघालं. पाण्याच्या कडेनं चाललं, पाळीवर चढलं, झाडापाशी थांबलं. पुन्हा पहिल्यापासून निघालं. भाऊंच्या हातातल्या कात्रीचा बारीक आवाज होत होता. ती ते उगाच उघडत होते आणि मिटत होते.

"हा तं आमचा तलाव होय," शेवटी वहिनी म्हणाल्या.

"होय."

"अन् दुश्मन कोठी हायत?"

"या स्टेजले दुश्मन नाहीत. संपले."

"मंग कराचं काय?"

"बसाचं," भाऊ म्हणाले. "झाडाखाली. दोघानं."

वहिनींनी तो बुटका माणूस बोटानं पुन्हा चाचपला. त्याच्या शेजारी आणखी एक होता, तो मलाही दिसला नव्हता आणि त्यांनाही आधीच्या फेऱ्यांत सापडला नव्हता. त्यांनी बोट तिथेच ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

मग नाक ओढून म्हणाल्या, "बरं जमलं. पण नुसतं बसून बोअर होईन जी. पाळीच्या कडेले एखादा खेकडा टाका. चावणारा."

भाऊंनी लांब सुस्कारा सोडला. माझ्याकडे बघितलं, चष्मा सदऱ्याला पुसला आणि खेकड्याचा तपकिरी दोरा शोधायला गुडघ्यावर हात ठेवत ठेवत जिना उतरू लागले.