भिंगरीच्या चित्रफितीस कुलूप घातले त्याची हकीकत

वाचणाराने चित्त स्थिर करावे, हातातला फोन पालथा ठेवावा आणि ऐकावे, की तिसऱ्या इयत्तेच्या दौलतीत जो बाका प्रसंग गुदरला, तो जैसा घडला तैसा, पदरचा मीठमसाला न घालता येथे लिहिला असे.

वर्गबाईंचे फर्मान सुटले, की 'माझे घर' या पाठाची चित्रफीत प्रत्येक मुलाने करावी आणि वर्गाच्या ऑनलाइन पानावर चढवावी. ते पान चोहो दिशांस उघडे, ना वेस ना पहारा. मग भिंगरी, जी वर्गात मान वर करीत नसे परंतु घरात कोणास जुमानीत नसे, तिने आईसाहेबांचा फोन काबीज केला आणि घरभर स्वारी करून सत्य तेवढे कथन केले: किल्ली पायपुसण्याखाली असते, दुपारी घरी कोणी नसते, आणि बाबा घोरतात तेव्हा आई त्यांचे नाक दाबते. आईसाहेब धाकट्यास भरविण्याच्या मोहिमेत गुंतल्या होत्या. त्यांनी न पाहताच "हो गं, छान" म्हणोन परवानगी बहाल केली आणि चित्रफीत जगास पोहोचली.

सायंकाळी जिन्यात शेजारच्या काकूंनी आईसाहेबांस गाठले. "नाक दाबतेस ते कळलं हो सगळ्यांना! पण किल्लीची जागा बदल बाई आता."

आईसाहेबांनी घरी धाव घेऊन चित्रफीत प्रथमच पाहिली. किल्ली तत्काळ पर्सच्या गडात कैद जाहली, आणि चित्रफीत जमीनदोस्त करावी म्हणोन बोट उगारले, तो भिंगरी आडवी आली, डोळे डबडबलेले. "पुसू नकोस ना, आई. सगळ्यांनी खाली लाल बदाम दिलेत. मी छान बोलते म्हणाले."

मग बोट म्यान जाहले. पुसावे तर पोर पुन्हा मान खाली घालील, ठेवावे तर घर उघडे. ऐसा पेच पडला. सबब मायलेकी सेटिंग नामक दुर्गावर चालून गेल्या. पासवर्ड आठवेना, धाकट्याने ऐन रणात फोनवर घास थुंकला, आणि वर्गबाईंस खलिता धाडला तो जबाब आला, "अहो, कुलपाचं ते बटण मलाही आत्ताच सापडलं!" बाईंनी पान वर्गापुरते केले, आईसाहेबांनी घातक मजकूर छाटला, बदाम सलामत राहिले.

परंतु भिंगरीस कुलपाची विद्या अवगत जाहली होती. ती तडक आईसाहेबांच्या स्वतःच्या पानावर चालून गेली. तेथे तिचीच तसबीर, दात पडलेली, अंगभर साबणाचा फेस, खाली 'माझं माकड', आणि सर्व जगास खुली.

"हे कुणाला विचारून टाकलंस गं?"

मग आईसाहेबांनी शरणागती पत्करून तह केला, की भिंगरीची तसबीर भिंगरीच्या हुकमाविना चारचौघांत दाखवू नये. तसबीर पानावरून उतरली. फत्ते भिंगरीची जाहली, ती येथे नमूद असे; मात्र माकड म्हणावयाचा हक्क, घरात आणि कानात, आईसाहेबांकडे कायम राहिला.