चाकाला वारस नसतो

आमच्या वाडीतल्या शांतारामदादाच्या अंगणात सगळं चाकांवर. भातगिरणी ट्रॉलीवर, कोंबड्यांचं खुराडं हातगाडीवर, पाण्याच्या टाकीलासुद्धा चाकं. नवखा माणूस विचारायचा, बिऱ्हाड हलवताय की काय?

मी पोलादपुरात तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितो, त्यामुळे कारण मला पाठ. जमीन सामाईक. सातबाऱ्यावर भाऊबंदांच्या नावांची ही जत्रा, आणि दादा सोडून सगळे मुंबईला. त्यांची संमती नाही म्हणून शेड नाही, शेड नाही म्हणून वीज नाही, आणि बँक तर दारात उभं करत नाही.

"मातीला वारस हायत, चाकाला नाय," असं म्हणत दादा डिझेल इंजिनवर उमरठच्या बाजूच्या वाड्यांतून भात भरडत फिरायचा. ट्रॉली चिखलात रुतली की शिव्या मात्र वारसांना, एकेकाचं नाव घेऊन.

पक्की गिरणी, एवढंच त्याचं वेड. शिमग्याला भाऊबंद गावी यायचे, आपला हिस्सा जागेवर आहे ना ते बघायला. सह्यांच्या आशेने हा सगळ्यांना जेवायला घालायचा. कोंबडी, वडे, सोबत घ्यायला बाटली. वहिनी गेल्यापासून रांधायचाही स्वतःच. मंडळी बोटं चाटत म्हणत, पुढच्या शिमग्याला नक्की. माझा नुसता जळफळाट व्हायचा. फुकटे मेले!

शेवटी मीच एक वकील गाठून दिला. प्रत्येकाचा हिस्सा शाबूत राहील असं कागदावर लिहून देत त्याने मुंबईतल्या मुंबईत सगळ्यांची संमतीपत्रं उरकली. शेड उभी राहिली, मीटर बसला, गिरणी ट्रॉलीवरून खाली उतरली. म्हटलं, सुटला बाबा एकदाचा.

यंदा शिमग्याला दादाने पुन्हा कोंबड्या कापल्या. सगळ्यांना फोन त्याने आधीच केले होते. कुणाला रजा नव्हती, कुणाच्या पोराची परीक्षा होती. इतकी वर्षं काय परीक्षा नव्हत्या? एखादा तरी येईल म्हणून दादा थांबला, पण दुपार टळली तरी कुणी आलं नाही. एवढ्या मोठ्या पातेल्यापुढे आम्ही दोघंच बसलो.

"सह्या ऱ्हायल्या व्हत्या तवर येत व्हते, भाऊ," तो म्हणाला.

वकील मीच आणला होता.

दादाने माझ्या ताटात आणखी दोन वडे वाढले आणि हळूच विचारलं, "तुमी कचेरीत बसता. माज्या नावाची आनिक कुटं सामाईक जमीन हाय का, बघाल?"